गोळ्यांची पिशवी घेऊन या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा ७६ वर्षांचे, शुगर आणि बीपी जुनं, दीड वर्षापूर्वी स्टेंट बसलाय, आता गुडघे कुरकुरायला लागलेत. आई ७० वर्षांची, तिला थायरॉईडची गोळी. दोघं पुण्यात सहकारनगरला, तुम्ही बाणेरला. बाबांचे डॉक्टर तीन, गोळ्या दिवसाला ११. औषधं कधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून येतात, कधी तुम्ही मोबाइलवरून मागवता. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "मेडिकलवाला नुसत्या गोळ्या काढून देतो, त्याच्याशी बोलायचं तरी काय?"

मला राग नाही आला. संध्याकाळी साडेसातला काउंटरवर आठ माणसं, त्यातल्या दोघांच्या स्कूटर रस्त्यात चालूच, अशा वेळी मीही नुसत्या गोळ्याच काढून देतो. या कामात मला २८ वर्षं झाली. पहिली ६ एका रुग्णालयाच्या फार्मसीत गेली, पुढची कोथरूडला स्वतःच्या दुकानात. तुमच्या बाबांचे हृदयाचे डॉक्टर हृदयाची फाइल बघतात, शुगरचे डॉक्टर शुगरचे रिपोर्ट बघतात, हाडांचे डॉक्टर एक्स-रे बघतात. ११ च्या ११ गोळ्या एकत्र येतात त्या थेट बाबांच्या पोटात. त्याआधी त्या कुणा एकाच्या नजरेखालून जायच्या असतील तर ती जागा म्हणजे औषधाचं काउंटर. अडचण एवढीच की आमच्यासमोर त्यातल्या चारच येतात. बाकीच्या दुसऱ्या दुकानातून किंवा कुरिअरने घरी पोचलेल्या असतात.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. एक दुकान धरा, आणि एकदा घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी तिथे नेऊन काउंटरवर ओता. प्रिस्क्रिप्शन सोबत असू द्या, पण पिशवी हवीच.

पिशवी का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले एक काका आले. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला एकदम पक्के. रुग्णालयातून घरी येऊन त्यांना आठवडा झाला होता. म्हणाले, "अशक्तपणा फार आलाय, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एखादं चांगलं टॉनिक द्या." टॉनिक मागणाऱ्याला मी लगेच टॉनिक देत नाही, धंद्याला हे बरं नाही असं घरी ऐकतोच. म्हटलं, काका, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. ते जरा फणकारलेच. "यादी आहे माझ्याकडे. टाइप केलेली." तरी घरी गेले आणि साडीच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन आले.

यादी चोख होती. डिस्चार्ज कार्डावरचं एक न एक औषध तिच्यात होतं. पिशवी ओतली तर मेटोप्रोलॉलच्या, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळीच्या, दोन स्ट्रिप निघाल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक जुनी, घरातली, गुलाबी अक्षरांची. दुसरी रुग्णालयातून आलेली, निळ्या अक्षरांची. दोन्हींतल्या सात सात गोळ्या गेलेल्या. काकांच्या लेखी ती दोन वेगळी औषधं होती, कारण नावं वेगळी, रंग वेगळे. कार्डावर नव्या ब्रँडचं नाव लिहिलेलं होतं. जुनी गोळी थांबवा, हे कुणी लिहिलं नव्हतं आणि बोललंही नव्हतं. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावलं. मिनिटाला ४६ ठोके. त्यांना स्टुलावर बसवलं, डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, त्यांनी लगेच बोलावून घेतलं. पंधरा दिवसांनी काका पुन्हा जिना चढत होते. टॉनिक राहूनच गेलं.

त्या टाइप केलेल्या यादीवरून मला हे कधीच कळलं नसतं. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा या बाबतीत सर्वांत वाईट असतो. तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि घरातला जुना साठा समोरासमोर ठेवून कुणीतरी एकेक गोळी जुळवलीच पाहिजे. बाबांच्या स्टेंटच्या वेळी हे झालं होतं का? नसेल तर दीड वर्षानंतरही करायला हरकत नाही.

पिशवीत नुसत्या चिठ्ठीवरच्या गोळ्या नकोत. डोळ्यांचे थेंब, दम्याचा पंप, मलमं, झोपेची गोळी, शेजारच्या काकूंनी "मला फार गुण आला" म्हणून दिलेली गोळी, चूर्ण, काढा, आसव, सगळं आणा. 'ते तर आयुर्वेदिक आहे' म्हणून वगळू नका. खोकल्यासाठी रोज भरपूर ज्येष्ठमध घेणाऱ्याचं बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. हे मी काउंटरवर पाहिलेलं आहे. उलट बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी पोटॅशियम वाढवते. त्यात किडनी जरा कमजोर असेल आणि माणूस तब्येतीला चांगलं म्हणून रोज शहाळं पीत असेल (त्यातही पोटॅशियम असतं), तर तेही विचारावं लागतं. इसबगोल घेत असतील तर बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

आणि अमेरिकेतून आलेल्या बाटल्या. कोथरूड-सहकारनगरच्या निम्म्या घरांत त्या असतातच. मुलगा-सून सुट्टीला येताना पाचशे गोळ्यांची टायलेनॉलची बाटली आणतात, तिच्यावर लिहिलेलं असतं ॲसिटामिनोफेन. तिकडे ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात त्यालाच आपण पॅरासिटामॉल म्हणतो. आजोबा अंगदुखीला ती घेतात, ताप आला म्हणून डोलो घेतात, नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी घेतात. तिन्हींत तेच औषध. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसात एकूण ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नसतं. वय झालेलं, वजन कमी, लिव्हर नाजूक असेल तर मर्यादा त्याहून खाली. ६५० च्या चार गोळ्यांतच २.६ ग्रॅम होतात, मग उरलेलं कुठून कुठून येतंय ते मोजावं लागतं.

यासाठी तुम्हाला स्वतःलाही एक सवय लावून घेता येईल. ब्रँडच्या मोठ्या अक्षरांकडे बघू नका, स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतला कंटेंट वाचा. आणि नावाच्या शेपटीकडे लक्ष ठेवा. टेल्मा म्हणजे नुसतं टेल्मिसार्टन. टेल्मा एएम म्हणजे त्यात बीपीचंच दुसरं औषध, अम्लोडिपीन, मिसळलेलं. टेल्मा एच म्हणजे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. ग्लायकोमेट म्हणजे शुगरचं मेटफॉर्मिन, ग्लायकोमेट जीपी म्हणजे त्यात शुगरचंच ग्लिमेपिराइडही. एका अक्षराने औषध बदलतं, आणि फोनवर औषध सांगताना लोक नेमकी शेपटीच खातात. "ती आपली टेल्मा चाळीस द्या हो." कुठली? हा प्रश्न मी दिवसातून चार वेळा विचारतो आणि चार वेळा "नेहमीचीच" असं उत्तर ऐकतो.

या शेपटीपायी एका आजींचं काय झालं बघा. एका डॉक्टरांची एएमवाली गोळी चालू होती. दुसऱ्या ठिकाणी बीपी जास्त दिसलं म्हणून वेगळी अम्लोडिपीन सुरू झाली. आजींनी पहिलं पाकीट दाखवलंच नव्हतं. अम्लोडिपीनने काही जणांचे पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच. आजींचे घोटे सुजले. सुजेवर तिसऱ्या ठिकाणी लघवी वाढवणारी गोळी मिळाली. तिने रात्रीत चारदा उठणं सुरू झालं, सकाळी उठताना चक्कर. मग चक्करेची गोळी. ती माझ्याकडे मागायला आल्या तेव्हा सगळं उलगडलं. एक गोळी दोनदा गेली, तिने केलेल्या त्रासावर तिसरी, तिसरीच्या त्रासावर चौथी. त्यांच्या डॉक्टरांनी पुढे त्यातल्या तीन बंद केल्या. म्हातारपणी नवं दुखणं सुरू झालं की मी आधी विचारतो, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठली नवी गोळी लागली?

आता तुमच्या बाबांकडे येतो, कारण त्यांच्या बाबतीत मला गुडघ्यांची धास्ती वाटते.

स्टेंट आहे म्हणजे ॲस्पिरिन असणार, बहुधा सोबत क्लोपिडोग्रेलही. दोन्हींनी रक्त गोठायची क्रिया मंदावते. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशी दुखण्याची गोळी पडली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर ती रुग्णालयात जायची वेळ असते. त्यावर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघायची नाही. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या हृदयासाठीच्या कामातच अडथळा आणतं. हृदयरुग्णाला दुखण्याच्या या गोळ्या एरवीही जपूनच देतात. आणि बाबा बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर दुखण्याची गोळी ही त्यावर तिसरी. ही तिकडी मिळून किडनीला दमवते. उन्हाळ्यात घाम, पाणी कमी, त्यात जुलाब झाले तर आणखीच. हाडांच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगितलं होतं का, हे आधी विचारा. पुष्कळदा सांगितलेलं नसतं, कारण "गुडघ्याला दाखवायला गेलो होतो". लावायचं मलम किंवा जेल बहुतेकांना यापेक्षा बरं पडतं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. चार दुकानांत "गुडघ्याला काहीतरी द्या" म्हणत फिरणं मात्र बाबांनी आजपासून बंद करायचं.

क्लोपिडोग्रेलसोबत ॲसिडिटीची गोळी कुठली आहे तेही बघा. ओमेप्राझोल आणि ईसोमेप्राझोल तिचा परिणाम कमी करतात. पॅन्टोप्राझोलचा तसा त्रास फारसा नाही. हा बदल तुम्ही किंवा मी करायचा नाही, पण मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकतो आणि हृदयाचे डॉक्टर बहुतेक एका मिनिटात हो म्हणतात. दात काढायचा असला तर क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवायची नाही. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. स्टेंट असताना ती अचानक थांबली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी घरात असेलच. ती बसून घ्यायची, उभ्याने नाही. बीपी एकदम खाली येतं आणि माणूस पडतो. आणखी एक, जे मी काउंटरवर मोठ्याने विचारत नाही, बाजूला घेऊन विचारतो: लैंगिक ताकदीची गोळी कुणी घेतं का? सिल्डेनाफिल जातीची गोळी आणि ही जिभेखालची गोळी एकत्र आली तर बीपी जिवावर बेतेल इतकं उतरतं. ७६ वर्षांच्या माणसाला मुलगी हा प्रश्न विचारणार नाही. फार्मासिस्ट विचारू शकतो. विचारू द्या.

उपवासाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण सहकारनगरात राहून बाबा संकष्टी करत नसतील यावर माझा विश्वास नाही. सकाळी ग्लिमेपिराइड घेतली आणि चंद्रोदयापर्यंत चहावर राहिले, तर दुपारी तीन-चारला शुगर खाली जाणार. घाम, हातांना थरथर, चिडचिड, बोलण्यात गडबड. घरच्यांना वाटतं उपवासाने पित्त झालं. मग रात्री साबुदाण्याची खिचडी आणि शुगर एकदम वर. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, वारीचे दिवस, सगळीकडे हेच. उपवास सोडा असं मी सांगायला जात नाही, कोणी ऐकत नाही. त्या दिवशी कुठली गोळी कमी करायची, कुठली तशीच ठेवायची, हे उपवासाच्या आधी डॉक्टरांकडून लिहून आणा. मेटफॉर्मिन एकटी असेल तर शुगर अशी कोसळायचा धोका कमी असतो, ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनचं मात्र आधी ठरवावंच लागतं.

यात एक बारकावा आहे जो मी खास पाठ करून घेतो. शुगर उतरली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाबांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ते असू शकतं), तर साध्या साखरेने लवकर उतारा पडत नाही. या औषधाचं कामच मुळी आतड्यात साखर फुटायला वेळ लावणं. अशा वेळी ग्लुकोज पावडर लागते. पाकीट उलटून बघा, व्होग्लिबोज दिसलं तर ग्लुकोजचा डबा बाबांच्या उशाशी आणि एक पुडी खिशात.

उद्या इन्सुलिनची बाटली लागलीच तर सिरिंज घेताना बाटली दाखवून घ्या. आपल्याकडे एका मिलीला ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने ओढली तर अडीचपट डोस जातो. मी बाटली बघितल्याशिवाय सिरिंज देत नाही. लोक "उगाच वेळ घालवता" म्हणतात, म्हणू देत. बाटली फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांवर; फ्रीझरला चिकटून नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी दोनला स्कूटरच्या डिकीतून इन्सुलिन नेऊ नका.

आईचं त्यामानाने सोपं. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी; तास गेला तर उत्तम. पुणेकर बाईला सकाळचा चहा लांबवायला सांगणं अवघड, ते मला कळतं. गोळी उशाशी ठेवायची, पहिली जाग आली की घ्यायची आणि पुन्हा पडायचं, ही आमच्या अनेक काकूंची युक्ती आहे आणि ती चालते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनंतर, म्हणजे दुपारच्या जेवणाला. दरवेळी थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच वरखाली होतोय म्हणून डोस बदलत राहिलेला असतो, आणि मूळ कारण निघतं सकाळी एकत्र घेतलेली कॅल्शियमची गोळी.

दुकानात गेल्यावर कोणाशी बोलायचं, तेही सांगतो. काउंटरमागे उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो. आमच्याकडचा मुलगा डोळे मिटून कुठला डबा कुठल्या फळीवर आहे सांगतो, पण कुठली गोळी कुणाला चालत नाही हे त्याला सांगता येणार नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने द्यायचं असतं, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे त्याच्या कामातच धरलेलं आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहेत?" ज्या दुकानात या प्रश्नावर एकमेकांकडे बघतात, ते दुकान बदला.

नवी गोळी हातात पडली की मला विचारा, ही कशासाठी, हिच्यामुळे जुन्यांपैकी कुठली बंद झाली का, किती दिवस घ्यायची, आणि एखादी वेळ चुकली तर काय करायचं. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही, हे त्याचं जवळजवळ नेहमीचं उत्तर. १-०-१ म्हणजे सकाळ-संध्याकाळ हे तुम्हाला माहीत असतं, पण जेवणाआधी की नंतर, हे चिठ्ठीवर पुष्कळदा नसतंच. एसआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरं असलेली गोळी मोठी आहे म्हणून कुटून देऊ नका. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. मधोमध रेघ असलेल्या अशा काही गोळ्यांचे अर्धे तुकडे चालतात, काहींचे नाही. तेवढं विचारून घ्या.

गुडघ्यांचं दुखणं आमवाताचं निघालं आणि मेथोट्रेक्सेट लागली, तर ती आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून घेतलेल्या माणसांची तोंडं सोलवटलेली, रक्तपेशी कोसळलेल्या मी रुग्णालयात असताना पाहिल्या आहेत. मी पाकिटावर लाल पेनने "फक्त रविवार" लिहितो आणि समोरच्याला वाचायला लावतो.

आता स्ट्रिप कापण्याबद्दल. दहाच्या स्ट्रिपवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. तुम्ही चार गोळ्या मागितल्या की कात्री चालते आणि छापलेलं टोक दुकानात राहतं. तुमच्या हाती येतो तो चार गोळ्यांचा बेनाम तुकडा. सहा महिन्यांनी तो डब्यात सापडतो आणि घरात चर्चा, ही बीपीची की पित्ताची? रोज लागणारी गोळी असेल तर अख्खी स्ट्रिप घ्या. तुकडाच घ्यायचा असेल तर कापण्याआधी मोबाइलने दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि बिल घ्या. बिलावर बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही असतात. लोक बिल तिथेच चुरगाळून टाकतात, आणि औषधात काही खोट निघाली तर माग काढायला काहीच उरत नाही. एक्स्पायरीचा महिना छापलेला असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही आलाय, मोबाइलने बघता येतो.

मला काय करता येत नाही, तेही माहीत असलेलं बरं. चिठ्ठीत लिहिलेल्या शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या, ब्रँडऐवजी दुसऱ्या कंपनीची तीच गोळी डॉक्टरांना न विचारता देणं नियमात बसत नाही. कंपनीकडून माल आला नाही, सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्याकडेही शॉर्टेज आहे, असं झालं की मी डॉक्टरांना फोन लावतो. तेवढी दहा मिनिटं थांबा. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ची औषधं, म्हणजे जोरदार अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या-चिंतेच्या काही गोळ्या, यांच्यासाठी रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं. "ओळखीचे असून चिठ्ठी मागता?" असं वर्षानुवर्षांचे ग्राहक विचारतात. ओळखीचे आहात म्हणूनच मागतो. आणि डोस कमी-जास्त करायला मला सांगू नका. शंका असेल ती मी कागदावर लिहून देईन, डॉक्टरांशी बोलेन, निर्णय त्यांचा.

जेनेरिकबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगतो. जनऔषधी केंद्रातून घेतलीत तरी माझी हरकत नाही, पैसे वाचतात आणि ११ गोळ्यांच्या घरात ते कळण्याइतके वाचतात. फक्त डॉक्टरांना सांगून एकदा बदल करा आणि मग तिथेच राहा. जुना ब्रँड घरातून काढून टाका. नाहीतर त्या काकांसारखं व्हायचं. मोबाइलवरून मागवण्याचंही तसंच. औषध तेच येतं, पण दरवेळी वेगळ्याच ठिकाणाहून येतं, आणि त्या बाजूच्या फार्मासिस्टला तुमच्या बाबांच्या बाकीच्या सात गोळ्या दिसत नाहीत. मागवायचंच असेल तर घरात काय काय आलंय त्याची यादी तुमच्या नेहमीच्या दुकानात महिन्यातून एकदा तरी दाखवा. अंगावर पुरळ, सूज, काही विचित्र झालं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

जायची वेळ मात्र नीट निवडा. पुण्याची दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात हा विनोद आम्ही पुष्कळ ऐकलाय. चार ते सहा या वेळात या, तेव्हा काउंटर रिकामं असतं. आदल्या दिवशी फोन करून सांगितलंत तर मी स्टूल बाहेर काढून ठेवतो. पाऊण तास लागेल. बाबांना सोबत आणा, त्यांच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. कुठली गोळी ते गुपचूप टाळतात हे त्यांनाच माहीत असतं. शेवटचा क्रिॲटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट आणि तिन्ही डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठ्या आणा.

आणि आईच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत आणा. शक्य तर दुसऱ्या रंगाच्या. सध्या दोघांच्या गोळ्या फ्रीजवरच्या एकाच डब्यात असतील, असा माझा अंदाज आहे. पहाटे साडेपाचला, दिवा न लावता, चष्मा न शोधता त्या डब्यात हात घालणारा माणूस मी माझ्याच घरी पाहिलाय.